मनगटातली सूज आणि मनातली भीती

आमच्या भागात बाईचा हात दुखणं हा काही आजार धरला जात नाही. कंबर दुखते, गुडघे दुखतात, तसा हातही दुखतो. काम करणाऱ्या बाईचा हात दुखणारच, त्यात सांगायचं काय? महाड-पोलादपूरच्या डोंगरातल्या गावांत तर लावणी, कापणी, लाकूडफाटा, पाणी, भाकऱ्या सगळं हातावरच चालतं. घरोघरचे पुरुष पोटापाण्यासाठी मुंबईला. मागे शेत, गुरं, सासू-सासरे, मुलं अशी सगळी भिस्त बाईच्या मनगटावर. म्हणूनच मैत्रिणींनो, आज या मनगटाविषयी जरा सविस्तर बोलू या.

निमित्त माझ्या धाकट्या जावेचं. नाव देत नाही, धाकटीच म्हणते. तिच्या परवानगीनं लिहितेय. "लिहा ताई, दुसरीचे तरी महिने वाया जायला नकोत," असं तीच म्हणाली.

मी महाडला राहते आणि ती वीसेक किलोमीटरवर पोलादपूर तालुक्यात, सासरच्या गावी. २०२२ च्या भातकापणीनंतर तिच्या उजव्या मनगटाच्या वरच्या बाजूला सूज दिसायला लागली. पडल्याचं, मुरगळल्याचं काही आठवत नव्हतं. विळा धरून हात भरून आला असेल म्हणून आंबेहळदीचा लेप झाला. मग हाड बसवणाऱ्याकडून दोनदा चोळून घेतलं. त्यानं सूज वाढलीच. मग गोळ्या. मग एका दवाखान्यात सांध्यातच इंजेक्शन दिलं. पंधरा दिवस बरं वाटलं आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या. शिमग्यापर्यंत गत अशी झाली, की तिला हंडा उचलता येईना, नळ पिळता येईना. भाकरी ती डाव्या हातानं थापायला लागली होती. सासूबाई म्हणाल्या, "हिच्या भाकऱ्या हल्ली वेड्यावाकड्या होतात." त्यामागे दुखणं असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

मग मी तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रेत मनगटाची हाडं विरळ दिसत होती. रक्तात सूज दाखवणारा आकडा वाढलेला, पण संधिवाताची तपासणी नकारार्थी. छातीचा फोटो स्वच्छ. सुईनं सांध्यातलं पाणी काढून तपासलं, त्यातून काही ठरेना. मग शहरात जाऊन एमआरआय झाला. त्याच्या अहवालात तीन शक्यता लिहिल्या होत्या : क्षय, संधिवात, नाहीतर सांध्याच्या अस्तराची गाठ. डॉक्टर म्हणाले, "फोटो सूज दाखवतो, सुजेचं नाव सांगत नाही. मनगट उघडून आतला तुकडा काढावा लागेल. बायोप्सी."

हा शब्द घरात आला मात्र, सगळ्यांचे चेहरेच बदलले.

सासूबाईंचं म्हणणं, "गाठीला लोखंड लागलं की ती चिघळते. तशीच राहू दे." भाऊजी मुंबईहून फोनवर, "तुकडा म्हणजे कॅन्सरच धरून चालले आहेत ते." पुतण्या म्हणाला, आधी आणखी एखादं औषध करून बघू. आणि कुणीतरी दबक्या आवाजात, "टीबी निघाला तर पोरीच्या लग्नाचं काय?" या सगळ्या गलक्यात धाकटी एकटी गप्प होती. रात्री ती मला म्हणाली, "ताई, कॅन्सर का टीबी ते नंतर बघू. हात उघडल्यावर माझी बोटं चालतील ना?"

खरा प्रश्न तिचाच होता. आम्ही तो कागदावर लिहून घेतला आणि डॉक्टरांपुढे ठेवला. तिथून पुढे जे कळत गेलं, ते तुम्हालाही सांगावंसं वाटतं.

आपलं मनगट म्हणजे काही एक सांधा नव्हे. हाताची दोन लांब हाडं आणि त्यांच्यापुढे खड्यांसारखी आठ लहान हाडं अशी ती दाटीवाटीची वस्ती. या सांध्यांना आतून एक पातळ अस्तर असतं. तेलपाणी करायचं काम ते करतं. संधिवात, क्षय, बुरशीचा संसर्ग किंवा अस्तराची गाठ यांपैकी काहीही झालं तरी ते अस्तर सुजतं आणि बाहेरून सूज सारखीच दिसते. औषधं मात्र एकमेकांच्या विरुद्ध. संधिवातात शरीराची प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं देतात. तीच क्षयाच्या रुग्णाला दिली तर जंतूंना रान मोकळं. सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं की सूज काही दिवस ओसरते, पण आत क्षय असेल तर तो पसरायला मदतच होते. म्हणून अंदाजावर औषध देत बसण्यापेक्षा आजाराचं नाव आधी कळलेलं बरं. बायोप्सी त्यासाठीच करायची असते. निकाल काय लागेल हे डॉक्टरांनी आधीच मनात धरलेलं असतं, असं मुळीच नाही.

मनगटावरची प्रत्येक गाठ कापून बघावी लागते, असाही गैरसमज नको. तिथे सर्रास दिसणारी गाठ म्हणजे गँगलियन. गुळगुळीत, पाण्यानं भरलेली, निरुपद्रवी. पुष्कळदा ती आपोआप जातेसुद्धा. संधिवात बहुधा दोन्ही हातांना धरतो. पण एकाच मनगटाची सूज सहा-आठ आठवडे हटत नाही, पकड कमी होत जाते, रात्री ठणकतं, सोबत वजन घटतंय, संध्याकाळी कणकण येतेय, असं असेल तर अंगावर काढू नका. खोकला नाही, छातीचा फोटो चांगला आहे, म्हणून हाडाचा क्षय नाहीच, असं समजू नये.

आता सासूबाईंच्या लोखंडाविषयी. सुरी लागली की आजार पसरतो, ही भीती आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या आहे. ती सगळीच हसण्यावारी नेण्यासारखी नाही. हाडाची किंवा मांसाची गाठ कर्करोगाची निघाली, तर तुकडा काढलेली वाटही पुढच्या ऑपरेशनमध्ये काढून टाकावी लागते. म्हणून छेद कुठून आणि कसा घ्यायचा हे जाणकार सर्जननं आधी ठरवायचं असतं. हातावर तो आडवा न घेता उभा घेतात. गाठीचा संशय असेल तर पुढचं ऑपरेशन जे करणार, त्यांनीच तुकडा काढलेला उत्तम. एवढी काळजी घेतली तर तुकडा काढल्यानं आजार बळावेल ही धास्ती बाळगायचं कारण नाही. तुकडा न काढता सात महिने गेले, त्यात आमच्या धाकटीची हाडं मात्र झिजली.

भीती जात नाही म्हणणाऱ्यांना मी आमच्या महाडचंच उदाहरण देते. पूर्वी इथे विंचू चावला की माणूस मांत्रिकाकडे. लाल विंचवाच्या विषानं हृदयावर ताण येऊन, फुप्फुसांत पाणी होऊन मुलं दगावायची. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून विष शरीरात नेमकं काय करतं ते टिपलं. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यावर चालतं, हे त्यांचं आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांचं काम १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध साप्ताहिकात छापून आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज आमच्याकडच्या आजीबाईसुद्धा सांगतात, विंचू चावला तर आधी दवाखाना गाठ. अंगात काय चाललंय ते आधी नीट बघायचं आणि मग औषध द्यायचं, हे या खोऱ्याला नवं नाही. विंचवाच्या बाबतीत जमलं ते सुजेच्या बाबतीत का जमू नये? हेच मी सासूबाईंना म्हणाले. त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "जा घेऊन. पण तिच्यासोबत तू राहा."

पोलादपूरहून अलिबागचं जिल्हा रुग्णालय शंभर किलोमीटरच्या पलीकडे, आणि भाऊजींची खोली मुंबईत. म्हणून आम्ही पहाटेची एसटी धरली आणि मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलो. तारीख मिळाली २०२३ च्या मे महिन्यातली, पाऊस लागायच्या आत.

ऑपरेशनला पूर्ण भूल लागली नाही. खांद्याजवळ इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर केला. रक्त कमी जावं म्हणून दंडाला पट्टा आवळला. मनगटाच्या वरच्या बाजूला बोटभर उभा छेद. बोटं वर उचलणाऱ्या दोऱ्या, म्हणजे स्नायूबंध, बाजूला सारून आतलं सांध्याचं आवरण उघडायचं आणि अस्तराचे तुकडे तीन-चार ठिकाणांहून घ्यायचे. सुईनं जे हाताला लागत नाही ते इथे डोळ्यांनी बघून घेता येतं. खुल्या बायोप्सीचा फायदा हाच. काही ठिकाणी दुर्बिणीतूनही तुकडा काढतात. पाऊण तासात ती बाहेर आली. हाताला पट्टी आणि खाली आधाराचं प्लॅस्टर.

बाहेर आल्यावर सर्जनबाईंनी एक गोष्ट सांगितली आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. आत तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे कण निघाले होते. डॉक्टर लोक त्यांना तांदळाचे कणच म्हणतात. अस्तर फार दिवस सुजलेलं राहिलं की असे कण तयार होतात. क्षयात दिसतात, संधिवातातही दिसतात. म्हणजे नुसते कण बघून निदान होत नाही, तपासणीची वाट बघावीच लागते. धाकटी म्हणाली, "जन्मभर भात लावला, आता हातातच पिकला." एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

तुकडे दोन प्रकारच्या बाटल्यांत गेले, ही गोष्ट प्रत्येकीनं लक्षात ठेवण्यासारखी आहे. एक बाटली फॉर्मेलिनची. त्यातला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पेशी कशा आहेत, क्षयाच्या खुणा आहेत का, गाठ साधी की वाईट हे त्यात कळतं. दुसरी बाटली साध्या सलाईनची. त्यातला तुकडा जंतूंच्या तपासणीला जातो. फॉर्मेलिननं जंतू मरतात. सगळा तुकडा त्यातच टाकला तर जंतू वाढवून बघता येत नाहीत, आणि पुन्हा हात उघडायची वेळ येऊ शकते. म्हणून ऑपरेशनच्या आधीच विचारायचं, "जंतूंच्या तपासणीसाठी वेगळा तुकडा ठेवणार ना?" यात उद्धटपणा काही नाही. आम्ही विचारलं तेव्हा सर्जनबाई म्हणाल्या, "बरं झालं विचारलंत."

जंतूंसाठी सीबीनॅट नावाची तपासणी असते. यंत्रात लावल्यावर दोनेक तासांत ती सांगते, की क्षयाचा जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याच्यावर चालेल का. पण हाडातल्या क्षयात जंतू थोडे असतात. ती नकारार्थी आली तरी क्षय नाहीच, असं म्हणता येत नाही. म्हणून सोबत जंतू वाढवायलाही ठेवतात, त्याला सहा आठवडे लागू शकतात. सगळं मिळूनच निदान होतं. आणि म्हणूनच तुकडा काढायच्या आधी अंदाजानं क्षयाच्या गोळ्या शक्यतो सुरू करत नाहीत, नाहीतर जंतू सापडणं आणखी अवघड होतं.

धाकटीचा निकाल लागला क्षयाचा, औषधांना दाद देणारा. गाठ नाही, कर्करोग नाही. खोलीवर भाऊजी ढसाढसा रडले. ती मात्र विचारत होती, "हे पोरांना लागेल का?" नाही. सांध्यात बंद असलेला क्षय एका ताटात जेवल्यानं किंवा शेजारी झोपल्यानं लागत नाही. पसरतो तो फुप्फुसाचा, खोकल्यातून. तरीही घरातल्या सगळ्यांची एकदा तपासणी करून घेतली. पोरीच्या लग्नाचा प्रश्न तिथेच मिटला.

क्षयाचं नाव काढलं की मला आनंदीबाई जोशी आठवतात. १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झालेली आपली कल्याणची मुलगी २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं गेली, बावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखनं त्याआधी पाच वर्षं, १८८२ मध्ये, दाखवला होता. पण त्यावरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ साल उजाडलं. आनंदीबाईंना औषध नव्हतं. आज औषध आहे, सरकारी दवाखान्यात फुकट आहे आणि आपण अडतो ते निदानापाशी.

पूर्वी हाडाच्या क्षयात मोठमोठी ऑपरेशनं व्हायची. वाराणसीचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. एम. तुली यांनी मध्यममार्ग दाखवला : औषध, सांध्याला विश्रांती, मग हळूहळू व्यायाम आणि ऑपरेशन फक्त गरज असेल त्यालाच. धाकटीचंही तसंच झालं. तिचा हात उघडला तो निदानासाठी, पुढचं काम गोळ्यांनी केलं. बारा महिने गोळ्या. रोज, न चुकता. सुरुवातीला लघवी नारिंगी झाली तेव्हा ती घाबरली. ते औषधाच्या रंगानं होतं. पण डोळे पिवळे होणं, सारखी उलटी, नजर धूसर होणं यांपैकी काही झालं तर लगेच दाखवायचं, हे तिला आधीच बजावलं होतं.

बारा महिन्यांत आमचा पावसाळाही आला. २२ जुलै २०२१ ची रात्र महाडकर विसरणार नाहीत. त्या पुरात कितीजणींच्या फायली आणि एक्स-रे चिखलात गेले. म्हणून धाकटीचे सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत माळ्यावर ठेवले आणि मोबाइलवर फोटो काढून घेतले. दरड कोसळून रस्ता बंद झाला तर खंड पडू नये म्हणून आशाताईंशी आधीच बोलून औषध वेळेआधी मागवून घेत होतो. क्षयाच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेत दरमहा पैसे मिळतात. तेव्हा ते ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. खात्यावर नाव नोंदवून घ्या. ते तुमच्या हक्काचे आहेत.

त्या वर्षीची लावणी शेजारणींनी आळीपाळीनं करून दिली. दहा-बारा दिवसांनी टाके निघाले होते, पुढे आधाराचा पट्टा आणि मग व्यायाम. बोटं पहिल्यापासून चालत होती. मूठ वळायला चार महिने गेले. मनगट मात्र पूर्वीइतकं मागे वळत नाही, आणि आता वळणारही नाही. ते सात महिने हाडांत लिहिले गेलेत, असं डॉक्टर म्हणाले. २०२४ च्या जूनमध्ये गोळ्या संपल्या. आता ती हंडा डाव्या कमरेवर घेते. भाकरी थापते ती उजव्या हातानं, थोडी तिरकी.

मैत्रिणींनो, तुमच्या किंवा घरातल्या कुणा बाईच्या मनगटाला अशी हट्टी सूज असेल तर चोळू नका, शेकत बसू नका. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. बायोप्सी सांगितली तर हे प्रश्न लिहून न्या : कशाकशाचा संशय आहे? सुईनं भागणार नाही का? छेद कुठे आणि केवढा? बोटांवर परिणाम होण्याची, बधिरपणा किंवा आखडण्याची शक्यता किती? तुकडे कुठे पाठवणार, जंतूंसाठी वेगळा आहे ना? निकाल कधी, आणि निकाल अस्पष्ट आला तर पुढे काय? मधुमेह असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आपणहून सांगा. आणि सोबत कुणाला तरी न्या. ऐकलेलं एकटीच्या लक्षात राहत नाही.

घरातल्या बाकीच्यांनाही एक सांगणं आहे. भाकरी वेडीवाकडी व्हायला लागली तर नावं ठेवायच्या आधी तिचा हात बघा.